थेट फुप्फुसातच का देत नाहीत?

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम केलेल्या नातेवाइकांशी बोलत बसलं, की एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलाच्या गुडघ्याजवळ हाडात गाठ झाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, घरी परतले. आणि सहा-आठ महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये छातीत ठिपके दिसले. आता पुन्हा केमो. पुन्हा केस जाणार, तोंड येणार, रक्त कमी होणार. मग आई विचारते, ‘रोग छातीत आहे ना? मग सगळ्या अंगात औषध कशाला भिनवायचं? थेट फुप्फुसातच का देत नाहीत?’

ही शंका अडाणीपणाची नाही. गेली साठ-पासष्ट वर्षं जगातले काही उत्तम शल्यविशारद याच शंकेच्या मागे आहेत. त्यांनी यंत्रं बनवली, माणसांवर चाचण्या केल्या, औषध थेट फुप्फुसात पोहोचवूनही दाखवलं. तरीही आज जगात कुठेही ही नेहमीची उपचारपद्धत झालेली नाही. असं का, याचं उत्तर त्या आईला मिळायला हवं, म्हणून हा आढावा.

आधी फुप्फुसच का, ते पाहू. अंगभरातलं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या भागात येतं आणि तिथून पूर्णच्या पूर्ण फुप्फुसात जातं. मोठ्या माणसात बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडातल्या गाठीपासून सुटलेली पेशी रक्तात पडली, की तिला वाटेत भेटणारी पहिली बारीक गाळणी म्हणजे फुप्फुसातल्या केशवाहिन्या. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज डॉक्टरने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि ‘बी आणि माती’ची कल्पना मांडली: बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. पुढे जेम्स यूइंग यांनी रक्ताचा प्रवाह जिकडे नेईल तिकडे पेशी अडकतात, यावर भर दिला. हाडं, स्नायू, चरबी यांतून उगवणाऱ्या कॅन्सरला, म्हणजे सार्कोमाला, दोन्ही गोष्टी लागू पडतात. प्रवाह त्याला फुप्फुसात आणतो आणि ती माती त्याला मानवते. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात निदानाच्या वेळीच साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत रोग पसरलेला दिसतो, आणि तो बहुतेक वेळा फुप्फुसात असतो.

कॅनडाच्या टेरी फॉक्सची गोष्ट अनेकांना माहीत आहे. १९७७ साली, अठराव्या वर्षी, ऑस्टिओसार्कोमामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स या अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या गावातून, कृत्रिम पाय लावून, तो देश ओलांडायला धावत निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. १ सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ खोकला आणि छातीतल्या दुखण्याने तो थांबला. पायावर काही नव्हतं, रोग दोन्ही फुप्फुसांत होता. २८ जून १९८१ ला तो गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. ऑस्टिओसार्कोमात रुग्ण जातो तो बहुतेक वेळा असा, पायाच्या गाठीने नव्हे, छातीतल्या पसाऱ्याने.

आता एक बारीक मुद्दा, जो सहसा कोणी सांगत नाही. हाताच्या शिरेतून सलाईनवाटे दिलेली केमोही पहिल्यांदा फुप्फुसातच जाते, कारण शिरांतलं सगळं रक्त तिकडेच जातं. म्हणजे औषध तिथे पोहोचत नाही असं नाहीच. अडचण आहे ती मात्रेची. औषध रक्तात पातळ होतं, काही सेकंदांत फुप्फुस ओलांडतं आणि हृदय, मूत्रपिंडं, अस्थिमज्जा, कान अशा सगळ्या ठिकाणी फिरतं. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध सार्कोमावरचं मुख्य हत्यार. पण आयुष्यभरात मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, की हृदयाचा स्नायू निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतं. फुप्फुसातल्या गाठीला मारायला जेवढं औषध हवं, तेवढं द्यायला हृदय आणि मूत्रपिंडं परवानगी देत नाहीत. मग फुप्फुसालाच काही वेळ शरीरापासून तोडलं तर?

ही कल्पना आली हृदयशस्त्रक्रियेतून. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, आणि रक्त शरीराबाहेरच्या पंपातून फिरवता येतं हे सिद्ध झालं. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात ऑस्कर क्रीच आणि एडवर्ड क्रेमेंट्झ यांनी १९५७ मध्ये हेच तंत्र कॅन्सर झालेल्या पायावर वापरलं. पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या बांधून तो पाय पंपाला जोडला आणि त्यात मेलफॅलान हे औषध फिरवलं. दोन-तीन वर्षांतच असे प्रयोग फुप्फुसावरही झाले. पायाच्या बाबतीत ही पद्धत टिकली. लोझान इथल्या फर्दिनां लज्यन यांच्या गटाने तिला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरची जोड दिली, आणि १९९९ मध्ये युरोपात तिला मान्यताही मिळाली. अनेकांचे पाय त्यामुळे वाचले. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र गाडी अडखळत राहिली.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली तर अडचण कुठे आहे ते कळतं. रुग्णाला कुशीवर झोपवून बरगड्यांमधून छाती उघडतात. भूल देणारे डॉक्टर दोन भाग असलेली नळी श्वासनलिकेत घालतात, म्हणजे दोन्ही फुप्फुसांचा श्वास वेगवेगळा सांभाळता येतो. पुढचा सगळा वेळ माणूस एकाच फुप्फुसावर जगणार असतो. त्या बाजूची फुप्फुसधमनी आणि दोन्ही फुप्फुसशिरा मोकळ्या करून त्यांना चिमटे लावतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि धमनीत एक व शिरांच्या तोंडाशी दुसरी नळी बसवतात. आता हे फुप्फुस शरीराचं राहिलं नाही, पंपाचं झालं. पंप चालवणारा तंत्रज्ञ, म्हणजे पर्फ्युजनिस्ट, तो सुरू करतो. द्रव फिरू लागतो, त्यात औषध सोडलं जातं. तिकडे घड्याळ लावलेलं असतं. मेलफॅलानच्या चाचण्यांत अर्धा तास. मधूनमधून मुख्य शरीरातलं रक्त तपासतात, की औषध तिकडे झिरपतंय का. वेळ संपली की स्वच्छ द्रवाने फुप्फुस धुऊन काढायचं, नळ्या काढायच्या, वाहिन्यांना टाके घालायचे, चिमटे सोडायचे. पांढुरकं पडलेलं फुप्फुस पुन्हा रक्ताने गुलाबी होतं. आणि मग खरी काळजी सुरू होते. हे फुप्फुस पुढच्या दोन दिवसांत सुजतं का?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात उंदरांवर हे तंत्र विलक्षण यशस्वी झालं होतं. सार्कोमाच्या गाठी पेरलेलं फुप्फुस डॉक्सोरुबिसिनने धुतलं, आणि गाठी गेल्या. मग ८ माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, तिचे निकाल २००० मध्ये आले. औषध फुप्फुसात साठलं, शरीरभर जवळजवळ पोहोचलंच नाही. म्हणजे यंत्राचं काम चोख झालं होतं. सोसवेल अशी मात्रा दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम ठरली. त्याच्या दुप्पट मात्रा मिळालेल्या रुग्णाचं ते फुप्फुस रासायनिक दाहाने कामातून गेलं. आणि गाठी? आठांपैकी एकाचीही गाठ मोजण्याइतकी आटली नाही. एकाच रुग्णात त्या बाजूचा रोग वाढायचा थांबला. मला या सगळ्या इतिहासात हा निकाल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. औषध नेमकं तिथे पोहोचलं, आसपासच्या निरोगी फुप्फुसात भरपूर भिनलं, पण गाठीच्या आत त्या मानाने कमीच गेलं.

याची कारणं गाठीच्या रचनेत आहेत. मूळ भारतीय असलेले, बोस्टनमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं, की घट्ट गाठीच्या आत द्रवाचा दाब वाढलेला असतो, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे औषध आत शिरण्याऐवजी बाहेर ढकललं जातं. शिवाय फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. मोठी वाट फुप्फुसधमनीची. दुसरी, महाधमनीकडून येणाऱ्या श्वासनलिका-धमन्यांची, रक्ताच्या मानाने अगदी बारीक. बारीक ठिपके पहिल्या वाटेवर पोसले जातात, पण गाठ मोठी होत गेली की ती दुसऱ्या वाटेवरूनही रक्त ओढते. फुप्फुसधमनीतून औषध फिरवलं तर त्या मोठ्या गाठीचा एक भाग कोरडाच राहणार. म्हणून मोठ्या गाठी वितळवायचं हे हत्यार नव्हे. गाठी शस्त्रक्रियेने काढून झाल्यावर मागे उरलेलं, सीटी स्कॅनला न दिसणारं बियाणं मारायचं, तर त्यासाठी ते उपयोगी पडू शकेल. असं बियाणं असतं यात शंका नाही. छाती उघडून हाताने चाचपताना स्कॅनमध्ये न दिसलेल्या गाठी शल्यविशारदांच्या बोटांना लागतात, हा जुना अनुभव आहे.

बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या गटाने नेमका हा धागा पकडला. अँटवर्पचे पॉल व्हान स्खिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलफॅलान निवडलं. आधी मात्रा ठरवली, द्रव ४२ अंशांपर्यंत तापवून पाहिला आणि शेवटी ४५ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर, हे प्रमाण पक्कं केलं. मग दुसऱ्या टप्प्यात ५० रुग्ण घेतले, ३० मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, २० सार्कोमाचे. दिसतील त्या सगळ्या गाठी काढायच्या आणि त्याच वेळी फुप्फुस औषधाने धुवायचं. एकूण ६२ वेळा हे केलं गेलं. ९० दिवसांत एकही मृत्यू नाही. २०१४ मध्ये निकाल छापले तेव्हा ३ वर्षं जगण्याचं प्रमाण ५७ टक्के होतं, रोगाविना राहिलेल्यांचं ३६ टक्के. फुप्फुसाच्या कामात झालेली घट काही महिन्यांत बऱ्याच अंशी भरून निघाली.

हे आकडे आशादायक आहेत. पण कशाच्या तुलनेत? चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. फक्त गाठी काढल्या असत्या आणि फुप्फुस धुतलं नसतं, तर तीन वर्षांनी किती जण राहिले असते? अशा शस्त्रक्रियेसाठी जे निवडले जातात ते मुळातच तब्येतीने बरे आणि कमी गाठींचे असतात. ब्रिटनमध्ये टॉम ट्रेझर यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीने ही शंका फार ठळक केली. आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात गेलेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटात गाठी काढल्या, दुसऱ्यात नाही. शस्त्रक्रियेविना पाच वर्षं जवळपास कोणीच जगत नाही, असं तोवर सगळे धरून चालले होते. पहिल्या ६५ रुग्णांच्या निकालात शस्त्रक्रिया न झालेल्या गटातही २९ टक्के पाच वर्षं जगले. झालेल्या गटात ३८ टक्के. रुग्ण पुरेसे मिळाले नाहीत म्हणून चाचणी लवकर थांबवावी लागली, त्यामुळे शेवटचा शब्द तिचाही नाही. पण तुलनेचा गट नसलेल्या प्रत्येक आकड्याकडे सावधपणे पाहायला या चाचणीने शिकवलं. आतड्याच्या कॅन्सरबाबत माझं मत असं आहे, की फुप्फुस धुण्याच्या खटाटोपाला तिथे पाया कच्चा आहे, कारण रोग फुप्फुसापुरता थांबलेला असण्याची शक्यता कमी. सार्कोमात ती शक्यता खरी आहे.

दुसरी वाट श्वासाची. दम्याच्या रुग्णांमुळे नेब्युलायझर घरोघरी माहीत आहे. मग त्यातूनच केमो का नको? शस्त्रक्रिया नाही, छाती उघडणं नाही, पुन्हा पुन्हा देता येतं. फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागाचा पसारा सुमारे ७० चौरस मीटर आहे. पण हवेतून जाणाऱ्या थेंबाचा आकार १ ते ५ मायक्रॉनच्या मधला लागतो. त्याहून मोठा थेंब घशातच बसतो, फार बारीक असला तर उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. बाहेर आलेला तो थेंबही केमोचाच असतो, आणि खोलीत नर्स असते, आई असते. म्हणून या चाचण्या हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या बंद कक्षात बसवून केल्या गेल्या. तोंडात नळी धरून, नाकाला चिमटा लावून, एकट्याने आत बसून सावकाश श्वास घेत राहायचं. केमोची सुई नको वाटणाऱ्या मुलालाही ही बैठक सोपी नसते.

अमेरिकेत डॉक्सोरुबिसिन श्वासावाटे देऊन पाहिलं. २००७ मध्ये छापलेल्या चाचणीत ५३ रुग्ण होते. दर चौरस मीटरला ९.४ मिलिग्रॅमला फुप्फुसाने हात टेकले, म्हणून तीन आठवड्यांतून एकदा ७.५ मिलिग्रॅम ही मात्रा ठरली. सलाईनमधून हेच औषध ७५ मिलिग्रॅमपर्यंत जातं, हे लक्षात घेतलं म्हणजे फुप्फुसाचं अस्तर किती नाजूक आहे ते समजतं. लिपिडच्या सूक्ष्म पुड्यांत बांधलेलं सिस्प्लॅटिन ऑस्टिओसार्कोमा उलटलेल्या १९ रुग्णांना श्वासावाटे दिलं गेलं, त्याचे निकाल २०१३ चे. कान, मूत्रपिंड, रक्त, कशालाही धक्का लागला नाही. सिस्प्लॅटिनच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. पण ज्यांना काही फायदा दिसला ते मुख्यतः २ सेंटिमीटरहून लहान गाठींचे, किंवा गाठी शस्त्रक्रियेने काढून टाकलेले. म्हणजे रक्ताच्या वाटेने जे उत्तर आलं, तेच श्वासाच्या वाटेनेही आलं. मोठ्या गाठीपुढे दोन्ही वाटा हरतात. याचं आणखी एक कारण आहे. पसरून आलेली गाठ हवेच्या पोकळीत उगवत नाही, ती रक्ताच्या बाजूने, ऊतीच्या आत वाढते. आणि जिथे गाठीने वाट दाबली तिथे हवाच पोहोचत नाही, मग औषध कसं पोहोचणार?

मोठ्या जातीच्या कुत्र्यांना ऑस्टिओसार्कोमा आपसूक होतो आणि माणसासारखाच फुप्फुसात जातो. त्यामुळे श्वासावाटे जेमसिटाबिन किंवा इंटरल्यूकिन-२ देण्याचे अनेक प्रयोग कुत्र्यांवर झाले, त्यांतल्या काहींत गाठी विरघळल्याही. माणसात मात्र श्वासावाटे दिलेल्या प्रतिकारशक्तिवर्धक जीएम-सीएसएफने निराशा केली. फ्रँकफर्टचे थोमास फोगल यांची पद्धत आणखी वेगळी: मांडीच्या शिरेतून नळी फुप्फुसधमनीत नेऊन औषध आणि बारीक कण सोडायचे, म्हणजे औषध तिथेच अडकून राहतं. शस्त्रक्रिया न करता येणाऱ्यांसाठी, त्रास कमी करण्यापुरता तिचा विचार होतो. छातीच्या पोकळीत गरम केमो फिरवण्याचा प्रकार फुप्फुसाच्या आवरणावरच्या रोगासाठी आहे. नातेवाइकांचा गोंधळ इथेच होतो: ‘छातीत केमो’ म्हणजे ‘फुप्फुसात केमो’ नव्हे.

आज माझ्या मते सगळ्यांत लक्ष ठेवावं असं काम टोरोंटोत चाललं आहे. तिथल्या डॉक्टरांनी हे तंत्र कॅन्सरकडून नाही, फुप्फुस प्रत्यारोपणाकडून आणलं. दात्याचं फुप्फुस शरीराबाहेर तासन्‌तास जिवंत ठेवायचं, तपासायचं, सुधारायचं आणि मगच बसवायचं, ही पद्धत स्वीडनमधल्या लुंडच्या स्टिग स्टीन यांनी सुरू केली आणि टोरोंटोच्या शाफ केशवजी यांच्या गटाने ती पक्की केली. २०११ मध्ये त्यांची चाचणी छापून आली. त्यातून एक महत्त्वाचा धडा मिळाला. फुप्फुसाला इजा केवळ औषधाने होत नाही, चुकीच्या पंपिंगनेही होते. प्रवाह हळू ठेवला, शिरांकडचा दाब शून्यावर पडू दिला नाही, हवा जपून भरली आणि अल्ब्युमिनयुक्त द्रव वापरला, तर फुप्फुस तासन्‌तास सुजत नाही. पूर्वीच्या चाचण्यांतली काही सूज औषधाच्या नावावर उगाच लिहिली गेली असावी. मार्सेलो सायपेल यांच्या नेतृत्वाखाली आता हीच काळजी घेऊन, छातीतच ठेवलेल्या फुप्फुसात, सार्कोमाच्या रुग्णांवर डॉक्सोरुबिसिन फिरवून पाहिलं जातं, पूर्वीच्या मानाने फारच कमी मात्रेपासून सुरुवात करून. गाठी काढल्यावर उरलेलं बियाणं मारायचं, हाच उद्देश. टेरी फॉक्सच्या देशात त्याच्याच रोगासाठी हे होतंय, याचं मला मनापासून बरं वाटतं.

मग परळच्या त्या आईला काय सांगायचं? आज मुलासाठी हे उपलब्ध नाही, आणि कोणी पैसे घेऊन चाचणीबाहेर ‘थेट फुप्फुसात केमो’ देतो म्हणाला, तर पहिल्यांदा विचारायचं, की ही नोंदणीकृत चाचणी आहे का आणि नीतिसमितीची मंजुरी कुठे आहे. चाचणीत औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. त्याच वेळी हेही सांगायचं, की ठिपके दिसले म्हणजे सगळं संपलं असं नाही. ठिपके मोजके असतील, सगळे काढता येण्यासारखे असतील आणि मूळ जागी रोग नसेल, तर ऑस्टिओसार्कोमात छातीची शस्त्रक्रिया करून काही जण खरोखर बरे होतात. म्हणून दर काही महिन्यांनी छातीचं स्कॅन चुकवायचं नाही. लांबचा प्रवास आहे, मजुरी बुडते, तरीही नाही. ठिपका दोन सेंटिमीटरच्या आत असताना सापडणं आणि नंतर सापडणं, यात काय फरक पडतो ते वर आलंच आहे.

टाटा रुग्णालयात हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या कॅन्सरचे शेकडो नवे रुग्ण दरवर्षी येतात. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध वगळून, रक्तातली त्याची पातळी मोजण्याचा खर्च आणि खाटांची गरज टाळून, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइडवर बेतलेली ओजीएस-१२ ही उपचारपद्धत तिथेच तयार झाली आणि तिचे निकाल जगाने वाचले. फुप्फुस धुण्याच्या तंत्राला आता हवी आहे ती तुलनेची चाचणी: एका गटात फक्त गाठी काढायच्या, दुसऱ्यात गाठी काढून फुप्फुसही धुवायचं. अँटवर्प किंवा टोरोंटोला एकट्याने ती करता येणार नाही, कारण ऑस्टिओसार्कोमाचे तेवढे रुग्ण एका केंद्राला मिळत नाहीत. हृदयशस्त्रक्रियेचे पंप आणि ते चालवणारे पर्फ्युजनिस्ट मुंबईत आहेत. अशा चाचणीला लागतात तेवढे रुग्णही परळलाच येतात.